दोनशे चौदावा देश

मंगळवारी सकाळी नऊला यादी यायची, आणि ती येईपर्यंत बाणेरच्या त्या सातव्या मजल्यावर कुणी चहाला हात लावायचं नाही. नियम वगैरे काही नव्हता. एकदा कुणाचा तरी कप लवंडला होता आणि त्याच आठवड्यात दोन अंदाज चुकले होते, एवढंच निमित्त. उभ्या जगाचं भविष्य सांगणाऱ्या यंत्राशेजारी बसणारी शिकलीसवरलेली माणसं चहाच्या कपाला घाबरतात, याचं पद्मजा मगदूमला सुरुवातीला भारी हसू यायचं. नऊ वर्षं झाली, आणि तीही आपला कप खिडकीत नेऊन ठेवायला लागली.

यंत्राचं नाव जोडी. कोणते दोन देश आपसात नवा व्यापार करार करणार आणि कधी करणार, एवढं एकच ते सांगायचं. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, सूतगिरण्या, फार काय, खुद्द करार करणारी सरकारंसुद्धा ही यादी विकत घ्यायची. आपण सही करणार आहोत हे मंत्र्यांना आधी जोडीकडून कळायचं आणि मग ते वाटाघाटींना बसायचे. ऑफिसातली सगळी भाषा लग्नघरातली. बोलण्यांची पहिली फेरी म्हणजे कांदेपोहे. कोणत्या मालाची जकात कितीनं उतरवायची याची शेकडो पानांची परिशिष्टं म्हणजे याद्या. मसुद्यावर आद्याक्षरं पडली की साखरपुडा. दुधाच्या भुकटीवरून अडून बसणारा देश म्हणजे अर्थातच रुसलेला व्याही.

पद्मजा पडताळणी विभागाची प्रमुख होती. वय सत्तेचाळीस, मूळ गाव सांगली, घर हळदीच्या जैन अडत्यांचं. लग्न केलेलं नव्हतं आणि आईनंही आता विचारणं सोडलं होतं. मायलेकी पुण्यात राहायच्या, आणि आई तिथंही दिवस मावळल्यावर जेवत नसे. यंत्रानं दिलेल्या उत्तरामागची कारणं शोधून ती गिऱ्हाइकाला समजेल अशा भाषेत मांडायची, हे पद्मजाचं काम. कारण नुसत्या भाकितावर पैसे टाकायला लोक कचरतात, पण भाकिताला चार कारणं जोडली की तेच लोक अभ्यासू दिसायला लागतात.

जोडी वर्तमानपत्रं वाचत नसे. पुढाऱ्यांची भाषणं तर नाहीच नाही. ती बारीकसारीक गोष्टी बघायची. कुठल्या गावात कुठल्या भाषेचे शिकवणीवर्ग अचानक भरू लागले, कुठल्या बंदरानं शीतपेट्यांसाठी विजेच्या जोडण्या वाढवल्या, कुठल्या छापखान्यानं परक्या लिपीतली लेबलं छापायला घेतली, कुठल्या प्रयोगशाळेनं आंब्यावरची कीड तपासायची उपकरणं मागवली, कुठल्या दुभाष्याची रजा रद्द झाली. देश मोठे असले आणि जवळ असले तर त्यांच्यात व्यापार जास्त होतो, हे जुनं गणित कुणालाही ठाऊक होतं. पण ओढ असून करार का होत नाही आणि नेमका आत्ताच का होतो, ते या बारीक खुणांत दिसायचं. माणसं मनाशी ठरवण्याच्या किती तरी आधी त्यांचा माल ठरवून मोकळा झालेला असायचा.

आणि एक गंमत होती. जोडीला देशांची नावं माहीत नव्हती. पहिल्या वर्षी माहीत होती, तेव्हा ती माणसांसारखीच चुकायची. या दोघांचं जुनं वैर आहे, हे सही कसले करतात, असं धरून चालायची. म्हणून मग आंधळी कोशिंबीर खेळताना बांधतात तशी तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. नावं काढली, नकाशावरच्या सीमाही काढल्या. फक्त मालाची ये-जा दाखवली आणि सांगितलं, जिथं माल थांबतो, कागद दाखवतो आणि मग पुढं जातो, तिथं सीमा आहे असं समज. देश किती ते तूच शोध. स्वतंत्र जकातीची शहरं आणि बेटं धरून तिनं दोनशे तेरा देश शोधले. एकही चुकला नाही. प्रत्येकाला तिनं क्रमांक दिला. मंगळवारी यादी आली की पद्मजाच्या विभागातला तक्ता त्या क्रमांकांपुढे नावं लावायचा.

त्या मंगळवारी सतराव्या ओळीत एका बाजूला नाव लागलं, भारत. दुसऱ्या बाजूला नुसता आकडा राहिला. दोनशे चौदा.

माल: मसाले, मासळी, दोरखंड. मुदत: चौदा महिने. खात्री: शंभरात ब्याण्णव.

"देश काढला की काय नवीन जोडीनं?" कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. पद्मजाही हसली. मग ती जागेवर बसली आणि तिनं यंत्राला साधा प्रश्न टाकला, दोनशे चौदाचा माल कुठे कुठे थांबतो ते दाखव.

नकाशावर अकरा लाल ठिपके उमटले. हिंदी महासागरात तावीरा नावाचं बेट आहे, मध्यम आकाराचा एक शांत देश. त्याच्या उत्तर टोकाला ओमाली बंदर. बंदराकडून डोंगरातल्या मळ्यांकडे जो रस्ता चढतो त्या रस्त्यावर, मग नदीच्या पुलावर, मग रेल्वेच्या फाटकापाशी, असे ते ठिपके बेटाच्या आरपार गेले होते. आज त्या रस्त्यावर साधा टोलनाकासुद्धा नव्हता. ट्रक सरळ जात-येत होते. म्हणजे हे ठिपके आजचे नव्हते, चौदा महिन्यांनंतरचे होते.

एक ठिपका ओमालीत होता. पद्मजानं तो मोठा केला. उपग्रहाच्या चित्रात निळ्या पत्र्याचं लांबलचक छप्पर आलं आणि त्यावर पांढऱ्या रंगात देवनागरी अक्षरं: मगदूम. सुकुमारनं ती हौसेनं रंगवून घेतली होती, अक्काला वरून दिसावीत म्हणून.

सुकुमार हा तिचा धाकटा भाऊ. सोळा वर्षांपूर्वी हळदीच्या पहिल्या खेपेबरोबर तिकडं गेला आणि तिथलाच झाला. बायको इमेला तिथली, मुलगी चंदना सहा वर्षांची. लाल ठिपका त्याच्या गोदामाच्या दारावर होता.

बेहेरे साहेबांनी, म्हणजे कंपनीच्या संचालकांनी, नकाशा पाहिला आणि चष्मा पुसला. "चूक असणार. ओळ काढून टाका आणि यादी पाठवा."

"नऊ वर्षांत आपण एकही ओळ काढलेली नाही, सर."

"मग आज काढा, मगदूम बाई. नसलेला देश विकला तर गिऱ्हाईक जोड्यानं मारेल."

"आणि चूक नसली तर?"

बेहेरे साहेबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला. देश दुभंगतो तो टेबलावर बसून क्वचितच, हे त्यांनाही कळत होतं. आधी दगड येतात, मग आगी लागतात, मग माणसं जातात, आणि नाके-चौक्या शेवटी उभ्या राहतात. जोडीला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त चौक्या दिसल्या होत्या आणि त्यांच्या पलीकडे व्यवस्थित चाललेला व्यापार. मधले महिने तिच्या कामाचे नव्हते.

पद्मजानं ओळ काढली. पण तो ठिपका काही तिच्या डोळ्यांपुढून हलेना. यादीबद्दल घरच्यांशीसुद्धा अवाक्षर काढणार नाही, असं तिनं नोकरीला लागताना लिहून दिलं होतं आणि नऊ वर्षं पाळलंही होतं. दोन दिवस तिनं जिवाशी भांडण केलं. गुरुवारी दुपारी ती ऑफिसच्या मागच्या बागेत गेली आणि तिनं फोन लावला. भावाशी बोलायला लागली की तिची भाषा आपोआप सांगलीला जायची.

"बोल की अक्का. आज गुरुवारचीच कशी काय? आई बरी हाय न्हवं?"

"आई बरी हाय. सुकुमार, तू गावाकडं ये. इमेला आन् चंदनाला घेऊन ये."

"यायचं की दिवाळीला."

"दिवाळीला न्हवं. आत्ता. गोदाम मोकळं करून ये. कायमचा ये."

तो हसायला लागला आणि हसता हसता थांबला. "का म्हणून, ते तर सांगशील?"

"सांगता येत न्हाई."

ती कुठं नोकरी करते हे सुकुमारला ठाऊक होतं. "यादीत हाय काय काही?" त्यानं हळूच विचारलं. पद्मजा गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्यातच तिनं सगळं सांगून टाकलं.

"बरं," सुकुमार म्हणाला. "आजवर तू माझ्याकडं कधी काही मागितलं न्हाईस. माल काढायला अकरा दिवस लागतील. येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी निघतो."

ती बागेतल्या बाकावर बसून रडली. सुटकेचं रडू होतं ते. त्या रात्री तिला चांगली झोप लागली.

पुढच्या मंगळवारी दोनशे चौदा सतराव्या ओळीवरून तिसऱ्या ओळीवर आला होता. मुदत पाच महिने. खात्री शंभरात सत्त्याण्णव.

बेहेरे साहेब या वेळी चष्मा न पुसताच निघून गेले. पद्मजा कारणं काढायला बसली. कुठल्याही एका ओळीमागे जोडी तीन-चार हजार कारणं द्यायची. पडताळणीची रीत अशी की ती वजनानुसार लावायची, सगळ्यात भारी कारण वर, आणि पहिली शंभर वाचायची. गिऱ्हाईक पाचाच्या पुढे विचारत नाही, तर शंभर म्हणजे डोक्यावरून पाणी. ही रीत पद्मजानंच घालून दिलेली होती. तिनं पहिली शंभर वाचली. ओमाली बंदराला दोन वेगळे दरवाजे होणार. मळेवाले आपले वेगळे वजनकाटे मागवणार. लवंगेच्या पोत्यांवर दोन निरनिराळे शिक्के पडणार. ओमालीकडे जाणाऱ्या जहाजांचा विमा चौपट होणार. कारणं वजनदार होती, पण सगळी नंतरची होती. आग लागल्यावर कायकाय जळणार त्याची ती यादी होती. काडी कुणी ओढली ते त्यात नव्हतं.

मग तिनं कधीच न केलेली गोष्ट केली. कारणं वजनानुसार न लावता तारखेनुसार लावली. सगळ्यात आधीच्या तारखेचं कारण वर.

पहिली ओळ होती: गोदाम रिकामं होणं. वजन नगण्य. तारीख, येता सोमवार. पुढं अक्षांश-रेखांश होते. ते तिला पाठ झाले होते.

आपण फोन केला म्हणून हे आलं, असं तिला वाटलं. तिनं मागच्या मंगळवारचा निकाल पुन्हा काढला, फोन करण्याच्या दोन दिवस आधीचा. तोही तारखेनुसार लावला. पहिली ओळ तीच होती. तारीखही तीच, सोमवारची. वजनाच्या क्रमानं ती तीन हजार चारशे बाराव्या जागी पडली होती, म्हणून कुणी पाहिली नव्हती.

यंत्राला पद्मजा माहीत नव्हती, सुकुमार माहीत नव्हता, अक्का हा शब्दही माहीत नव्हता. पण इतक्या वर्षांत त्यानं एक पाहिलं होतं. यादी बाहेर पडायच्या आधी कुठंतरी, कुणाचा तरी थोडासा माल हलतो. यादीजवळ बसलेल्यांची माणसं जगभर असतात. कुणी मेहुण्याला सांगतं, कुणी मैत्रिणीला. शपथा लिहून दिलेल्या असतातच, आणि यादी फुटतेच. तर मग दोनशे चौदा यादीत आलं की ओमालीतलं कुठलं गोदाम आधी हलेल? ज्याचं कुणीतरी या मजल्यावर बसतं, ते. जोडीनं स्वतःच्या यादीचा परिणाम यादीत धरला होता. पद्मजाचा कळवळा तिनं हिशेबात घेतला होता, आणि त्याचं वजन नगण्य होतं.

एका गोदामानं देश कसा फुटेल, हे पद्मजाला कुणी सांगायची गरज नव्हती. ओमालीत किनाऱ्यावरचे लोक वेगळे आणि डोंगरातले वेगळे. भाषा वेगळी, देव वेगळे, एकमेकांच्या मापावर दोघांचाही विश्वास नाही. सुकुमार दोघांचाही कुणी नव्हता, म्हणून दोघांचा माल त्याच्या काट्यावर यायचा. शिवाय त्यानं सांगलीच्या बाजारातली आजोबांच्या काळची रीत तिकडं नेली होती. दोघांनी हात टॉवेलखाली घालायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. आपल्या माणसांदेखत पडतं घेतलं असं कुणाला दिसत नाही, तोंडानं शब्द जात नाही, कुणाची मान खाली होत नाही. डोंगरातला म्हातारा आणि किनाऱ्यावरचा तरणा, निळ्या पत्र्याखाली रोज एकमेकांचे हात हातात घेत होते. ते छप्पर गेलं की दोन काटे होणार, दोन वखारी होणार, आणि मधल्या रस्त्यावर माल थांबवून कागद मागितले जाणार. जोडीच्या भाषेत त्यालाच देश म्हणतात.

पद्मजा पुन्हा बागेत गेली.

"निम्मा माल चढवला बघ जहाजावर," सुकुमार म्हणाला. त्याचा आवाज थकलेला होता. "अक्का, हितं वातावरण बिघडायलंय. मी जातोय म्हटल्यावर डोंगरवाल्यांनी काट्याची चौकशी सुरू केल्या. काल फाटकात मारामारी झाली. तू म्हणालीस ते खरं व्हायला लागलंय."

"सुकुमार, माल उतरव."

"काय?"

"माल माघारी उतरव. गोदाम बंद करू नको."

"म्हंजे धोका न्हाई?"

खोटं बोलली असती तर सोपं होतं. "धोका हाय. पण तू निघालास तर नक्की हाय. तू राहिलास तर काय होतंय, ते मला म्हाईत न्हाई."

"तू मला ऱ्हायला सांगतीस? चंदना हाय हितं."

"व्हय," पद्मजा म्हणाली. सख्ख्या भावाला, त्याच्या सहा वर्षांच्या पोरीसकट, ती धोक्यात बसायला सांगत होती, आणि आपला आवाज इतका सरळ कसा निघतोय याची तिला भीती वाटली.

पलीकडे फोन दुसऱ्या हातात गेल्यासारखा आवाज झाला. इमेलाचं मोडकंतोडकं मराठी ऐकू आलं. "अक्का, पेटी भरली होती मी. आता उघडते. हे माझं गाव आहे."

सोमवारी गोदाम उघडं राहिलं. त्यानंतरच्या मंगळवारच्या यादीत दोनशे चौदा नव्हतं. पद्मजानं यादी तीनदा वाचली, मग प्रसाधनगृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. "बघा, म्हटलं नव्हतं चूक असेल म्हणून?" बेहेरे साहेब म्हणाले, आणि खिडकीतला तिचा कप स्वतःच्या हातानं आणून त्यांनी तिच्यापुढं ठेवला.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या वर्षी आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं आणि सुकुमारनं आठ दिवसांचं तिकीट काढलं. मंगळवारी दोनशे चौदा एकोणिसाव्या ओळीत हजर. पद्मजानं फोन केला, त्यानं तिकीट रद्द केलं, आकडा गेला. मग चंदनाला घेऊन सांगलीला यायचं ठरवलं, तेव्हा पुन्हा तेच. एकदा तो तिला न सांगता शेजारच्या बेटावर मित्राच्या लग्नाला निघाला होता, दोनच दिवसांसाठी. मंगळवारी सकाळी तिचा फोन गेला, "कुठं निघालायस तू?" सुकुमार म्हणाला, "बूट घालत होतो." आणि त्यानं बूट काढून ठेवले.

दर वेळी ती ओळ यादीतून काढायचं काम पद्मजाच करायची. बेहेरे साहेबांना आता सांगावंही लागत नव्हतं.

सुकुमार तक्रार करत नसे, पण कधी कधी विचित्र काहीतरी सांगायचा. "अक्का, सकाळी मी शटर वर ओढतो न्हवं, तवा लोक रस्त्यात उभं ऱ्हाऊन बघत्यात. दोन्हीकडचे. का बघता म्हणून विचारलं तर त्यांना सांगता येत न्हाई. शटर वर गेलं की आपापल्या वाटेनं जात्यात." एकदा त्याला ताप होता तेव्हा इमेलानं शटर उघडलं. त्या दिवशी दुपारपर्यंत काट्यावर कुणी आलं नाही. खिडकीतून त्याचा चेहरा दिसल्यावर मग आले.

खरंच देश दुभंगला असता का? पद्मजा हे स्वतःला रोज विचारायची. न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा? कदाचित काहीच झालं नसतं आणि सुकुमार आज पुण्यात आईच्या हातचं जेवत असता. कदाचित ओमालीत चारशे माणसं मेली असती. दोन्ही कदाचितांच्या मध्ये तिनं आपला भाऊ खुंटीला बांधून ठेवला होता, एवढं मात्र खरं होतं. आई म्हणायची, "तुझा भाऊ मोठा माणूस झाला, त्याला आता आई लागत न्हाई." पद्मजा ते ऐकून घ्यायची. खरं काय ते तिला आईला सांगता आलं नाही आणि सुकुमारलाही सांगू दिलं नाही.

चौथ्या वर्षी, पौषात, आईनं अंथरूण धरलं. डॉक्टर घरी येऊन गेले आणि दारातून बाहेर पडताना म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. चार-पाच दिवस. सोमवारी सुकुमारचा फोन आला.

"अक्का, मी येऊ काय?"

त्रेचाळीस वर्षांचा बाप्या माणूस, स्वतःच्या मरणाऱ्या आईकडं यायची परवानगी मागत होता. "उद्या सांगते," ती म्हणाली.

मंगळवारी ती घरूनच काम करत होती. आईच्या खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. नऊला यादी आली. तिनं वरून खाली वाचली. खालून वर वाचली. दोनशे चौदा नव्हतं.

आनंदानं तिला हुंदका आला. नव्हतं! म्हणजे संपलं एकदाचं. आता त्या गावाला त्याची गरज उरली नाही, आता तो येऊ शकतो. तिनं फोन उचलला आणि सुकुमारचं नाव काढलं. आणि नावावर ठेवलेलं बोट तसंच राहिलं.

आजवर सुकुमार जेव्हा जेव्हा निघणार होता, तेव्हा तेव्हा दोनशे चौदा यादीत आलं होतं. आज नव्हतं. म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही. म्हणजे तो निघणार नाही. आणि तो तर निघायला एका पायावर तयार होता. त्याला अडवू शकणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते अजून काही बोललेलं नव्हतं.

पद्मजा त्या यादीकडं बघत राहिली. तिला आधी भीती वाटली आणि मग संताप आला. मी अजून ठरवलेलं नाही, ती मनात म्हणाली. माझ्या तोंडातला शब्द माझा आहे. आज या यंत्राला खोटं पाडते. ये म्हणायचं, एवढंच तर आहे. ये. एक अक्षर.

तिनं फोन लावला.

पहिल्याच घंटेला त्यानं उचलला. मागं शटरचा खडखडाट ऐकू आला. तिकडं उजाडत होतं. कुणीतरी पोती सरकवत होतं, कुणी किनाऱ्याच्या भाषेत ओरडलं, त्याला डोंगराच्या भाषेत उत्तर मिळालं आणि दोघं हसले. एक लहान मूल काट्यावर चढून आपलं वजन करून घेत असावं. त्याची आई त्याला उतर उतर म्हणत होती, ते शब्द न समजताही पद्मजाला समजलं.

"निघू काय, अक्का? पेटी भरल्या."

तिनं तोंड उघडलं. ते मूल पुन्हा हसलं.

"नको," पद्मजा म्हणाली.

शब्द बाहेर पडला आणि तो आपलाच होता, हे तिला कळलं. कुणी ढकललं नव्हतं, कुणी जबरदस्ती केली नव्हती. तिनं स्वतः, पूर्ण शुद्धीत, म्हटलं होतं. पडद्यावर यादी तशीच स्वच्छ होती.

मग सुकुमार म्हणाला, "बरं. आईच्या कानाला लाव फोन."

तिनं उशीशी वाकून फोन आईच्या कानाला लावला. सुकुमार हलक्या आवाजात णमोकार म्हणू लागला, लहानपणी आईनं शिकवला होता तसा, एकेका ओळीवर थांबत. आईचे ओठ त्याच्याबरोबर हलले. म्हणून झाल्यावर तिनं डोळे उघडले.

"सुकुमार, कुठवर आलास रे?"

"वाटंवर हाय, आई."

"सावकाश ये," आई म्हणाली. "पण दिवस मावळायच्या आत ये बाबा. मी जेवायची थांबल्ये."